दोन दोर

बेटावदला कासारांच्या निंबाखाली
वायरमन डीओ पाडून गेला.
म्हणाला, अकरा ते दोन. दोनला मी लाईट सोडणार,
मग वर माणूस असो की माकड.

कासारांनी नारळ फोडला, हळद वाहिली
आणि मागे सरकले, पार ओट्यापर्यंत.
सत्तर फुटी झाड. एका अंगाला त्यांचा नवा स्लॅब,
काळी टाकी, धोतरावर वाळत घातलेली बिबडी.
दुसऱ्या अंगाला दगूबाईंचं मातीचं धाबं,
वर मांजर उडी मारतं तर खाली तव्यात माती पडते.
मधे बोळ. सायकल कशीबशी निघेल एवढी.
पाडायला जागा नाही, म्हणून उतरवायचं,
शिळी भाकर मोडतात तसं, तुकड्या-तुकड्यानं.

उखा मालचे वर. मी खाली.
बारा वर्षं हे असंच.
एक दोर लाकडाचा, एक माणसाचा.
लाकडाचा निंबाच्याच बुंध्याला तीन वेढे घालून मी हातात धरतो,
माणसाचा माझ्या कमरेला.
वरून तीनच शब्द येतात:
ढील.
ताण.
थांब.

आखाजी होऊन सतरा दिवस झाले.
माझी बहीण गोजर झोक्यासाठी माहेरी आली
ती परत गेली नाही.
तिच्या डाव्या कानामागे जे आहे
ते तिनं आईला दाखवलं. आईनं मला दाखवलं नाही.
मी पाहिलं.
तिचा नवरा या घडीला पन्नास फुटांवर
माझ्या कमरेला बांधलेला आहे.

सतरा दिवस आम्ही बोललो नाही.
कामाला मात्र रोज आलो.
पेट्रोलचे पैसे निम्मे-निम्मे, तेही
बिडीच्या बंडलाखाली ठेवून द्यायचे, हातात नाही.

भुसा उडतो. ओठ कडू, पापण्या कडू,
कच्च्या लिंबोळ्यांचा मार डोक्यावर.
पहिली फांदी टाकीला बोटभर चुकवून गेली,
दुसरी बोळात फिरली, कासारांच्या डिशला शेंडा लागला.
कासार काही बोलले नाहीत, फक्त घड्याळ बघितलं.
उखाला वरून सगळ्यांची छपरं दिसतात.
ओरडला, "दगू माय, तुनं धाबं उत्तरले फाटेल शे,
पानी यावाना पहिले माती टाकी ले!"
दगूबाई खूश.
मी दोर ताणला, जरा जास्तच.
दुसऱ्याच्या घराचा तडा याला बरा दिसतो.

मग उरली ती फांदी,
पाय टेकायला म्हणून त्यानं शेवटपर्यंत राखलेली.
तिच्यावर झोक्याच्या दोरांनी दोन खाचा पडलेल्या,
मनगट बसेल एवढ्या, आतून गुळगुळीत.
उखानं मशीन बंद केलं.
गल्ली एकदम ऐकू यायला लागली. कुणाचं तरी पोर, शेळी.
खाचेवर हात ठेवून, खाली न बघता
तो म्हणाला, "गोजर?"

बारा वर्षांत चौथा शब्द.

तीन वेढे सोडायला एक श्वास पुरतो.
कमरेची गाठ तर माझ्याच हातची आहे,
डोळे मिटून सुटेल.
मनात आलंच नाही, असं मी म्हणणार नाही.
कासार ओट्यावरून म्हणाले, दीड वाजला रे.

मी म्हटलं, "थांब."

तो थांबला. बराच वेळ.
मग मशीन ओढलं, आणि ती फांदी आम्ही उतरवली
अशी की दगूबाईंच्या धाब्यावरचा खडासुद्धा हलला नाही.
तळहात सोलला. तो निंबानं नाही सोलला.

दोनला लाईट आली. कुणाच्या तरी घरात
चालू राहिलेला मिक्सर किंचाळला.
उखा खाली आला, माझ्या गाठीकडे हात नेला.
मी स्वतः सोडली.

आता आभाळ फार झालंय तिथं.
उद्या बुंधा काढायचा. मशीनचं पातं त्याला तोकडं पडतं.
चढायचं नाही, दोर लागत नाही,
दोघंही जमिनीवर, समोरासमोर बसून,
एका करवतीची दोन टोकं.