वर्खाच्या पाठीवरचं पाणी

उम्म अल क्वैनची ऑगस्टातली हवा पिळली तर तांब्या भरेल.
खाडीत तिवरं उभी, गुडघाभर कोमट पाण्यात,
आणि अलीकडे, बिनखिडक्यांच्या इमारतीत
एकवीस अंशांवर मी बसलेला,
सोन्याचा पापुद्रा चिमट्यात धरून.

आमची सोनारकी राजापूरची.
बाबा म्हणायचे, वर्खाजवळ बोलू नये,
बोलायचंच तर श्वास आत घेताना बोलावं.
शारजात अकरा वर्षं बांगड्यांना पॉलिश केलं.
मग एकदा डॉ. मौझा दुकानात आल्या, विचारलं,
याहून पातळ कोण हाताळतो?
चौघांनी माझ्याकडे बोट केलं.
तेव्हापासून गुंजा-तोळे सुटले. आता मायक्रॉन.

काम सांगायला सोपं.
पापुद्रा चौकटीवर चढवायचा, सुरकुती न पडू देता.
पोलादी पिंपातली हवा काढली जाते,
रोवेना तीनदा भोंगा वाजवते,
जाड दरवाजा मिटतो.
मग प्रकाश येतो.
त्याची लांबी, डोक्यापासून शेपटीपर्यंत,
माझ्या केसाच्या जाडीहून कमी.
आवाज टिचकीएवढा. पापुद्र्याला भोक.
आधी इलेक्ट्रॉन पळतात, हलके, मागच्या अंगानं, सामान न घेता.
त्यांच्या ओढीनं मग जड निघतात, प्रोटॉन.
आमच्या आळीतले लोक इथे असेच आले:
पहिला सदूकाकांचा धाकटा, एका पिशवीनिशी,
आणि मागून अख्खी आळी.

मला वर्षभर वाटायचं, प्रोटॉन माझ्या सोन्यातून निघतात.
थोडी ऐटही होती.
मौझाबाई हसल्या.
सोनं फारसं जागचं हलत नाही, म्हणाल्या,
उडतं ते त्याच्या पाठीला चिकटलेलं,
पाण्याची वाफ, तेलाचा पुसट थर, हवेतला ओशटपणा.
कितीही पुसा, उरतोच.
म्हणजे बाबांनी जन्मभर जे झटकलं
त्याचाच इथे बाण होतो.

परवा यमूचा फोन आला. बहीण, लांज्याला दिलेली.
डोळ्यामागे गाठ आहे.
डॉक्टर म्हणाले, प्रोटॉननं नेमकी जाळता येते;
तो वाटेत फार काही देत नाही,
थांबतो तिथे सगळं देऊन टाकतो.
दादा, तुझ्याकडे तेच आहे ना?
बोलाव मला.

काय सांगणार.
आमचे प्रोटॉन वऱ्हाडासारखे निघतात,
कुणी धावत, कुणी रेंगाळत, कुणी भलत्याच गल्लीत.
डोळ्यामागे असं वऱ्हाड सोडता येत नाही.
ज्यांचे रांगेत चालतात त्यांची यंत्रं देवळाएवढी,
दक्षिणाही तशीच.
आमचं लहान होईल, म्हणतात. म्हणतात.
आज आमचा नेम प्लास्टिकच्या तुकड्यावर,
चष्म्याच्या काचेचं असतं ना, तेच.
मी तो गरम कॉस्टिकमध्ये भिजवतो
आणि सूक्ष्मदर्शकाखाली खळगे मोजतो.
यमूला म्हटलं, मुंबईच्या रांगेत नाव घाल, पैसे मी पाठवतो.
ती गप्प.
मग म्हणाली, जेवलास का?

त्या संध्याकाळी एक गोष्ट केली, वहीत नोंद नाही.
चौकट पिंपात ठेवण्याआधी
पापुद्र्याच्या पाठीशी तोंड नेलं
आणि श्वास बाहेर सोडताना म्हटलं,
यमू.
सोनं धुरकटलं. थरथरलं, फाटलं नाही.

मौझाबाईंनी आकडा पाहिला. नेहमीसारखाच.
वाफ पंपानं ओढून नेली असणार बहुतेक, हे मलाही कळतं.
बहुतेक.
तुकड्यावर चार हजार एकशे सहा खळगे.
कुठला खाडीच्या हवेचा, कुठला माझ्या तोंडचा,
भिंगाला सांगता येत नाही.
रोवेना दिवे मालवायला आली.
म्हटलं, जरा थांब,
मध्येच आकडा चुकला,
पहिल्यापासून मोजतोय.