लंगडी खापरपणजी

मिशिगनमध्ये, विद्यापीठाच्या तळघरात, रात्री अडीच वाजता
वेन्डेलीन हूक्स्ट्रा मोजे वाळत घालते
सर्व्हरच्या पाठीमागच्या उबेवर.
यंत्रं सांभाळणारा आर्वो कुरकुरतो,
ही काय शेगडी आहे?
ती म्हणते, तीन हजार सहाशे जीव आहेत आत.
ऊब असणारच.

जीव म्हणजे आज्ञांच्या ओळी.
आपलीच नक्कल करायची, एवढा एकच धर्म.
नक्कल करताना हात हलतो,
कुठेतरी ध चा मा होतो,
आणि बहुतेकदा तो मा खरंच मारतो.
कधी काहीच होत नाही.
कधी एखाद्याला दोन आकडे जुळवता येतात,
मग त्याच्या पानात चमचाभर वेळ जास्त.
इथे अन्न म्हणजे वेळच.

आज दुपारी एकाला सुटलं
सगळ्यात अवघड कोडं.
शिकवलं कुणीच नव्हतं.
इग्नासिओने टेबलावर थाप मारली, कॉफी सांडली,
नाचत घरी गेला.
वेन्डेलीन मागे राहिली वंशावळ उतरत:
बाप, आजा, पणजा,
मग नात्यांना नावंच उरली नाहीत
तरी ती उतरतच राहिली,
एकेक आज्ञा बोटाने दाबून बघत.

आणि ही सापडली.
लंगडी.
आईला जमायचं ते हिला जमेना,
शेजारणींची चार पोरं होईतो हिचं एक.
आज ना उद्या पुसलीच जायची.
पण ते एक पोर झालं,
त्याला पोर झालं,
आणि एकोणिसाव्या पिढीत तो मोडका तुकडा
भलत्याच कामाला लागला.

वेन्डेलीनने काल मागे नेला.
खापरपणजीचा पाय नीट केला,
तिथून जग पुन्हा सोडलं. दहा वेळा.
दहाही जगं धडधाकट.
कोडं एकातही सुटलं नाही.

आर्वो मान वाकडी करून पडदा वाचतो.
तो वर हॅनकॉकचा, खाणकामगारांच्या घरातला;
त्याच्या घरात मोडलेल्या पायांचा हिशेब
कंपनीच्या वहीत असायचा.
म्हणजे मोडणं चांगलं म्हणायचं?
नाही, ती म्हणते.
असे लाखभर मोडले. ते मेले.
त्यांचीही यादी आहे माझ्याकडे,
बघायचीय?

तो नको म्हणतो.
मग विचारतो, किती लांब आहे?

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी जाते,
खिडकीच्या पट्टीतून पिवळा दिवा फिरतो
तिच्या गालावरून, रॅकवरून, मोज्यांवरून.
तिसऱ्या रॅकचा पंखा खडखडतोय केव्हाचा.
आर्वो स्क्रू घट्ट आवळतो.
माझ्याकडे असलं चालत नाही, तो म्हणतो,
उद्या बंद पडला तर तुझी सगळी माणसं जातील.

माणसं, असंच म्हणाला.
तिने दुरुस्त केलं नाही.
एक मोजा अजून ओला होता.
तोच तिने आधी चढवला.