दाराशेजारची पाटी

रोज चार वाजता मी पाटीवरचं नाव बदलते.
लाकडी फळी, दोन खिळे, मध्ये सरकवायची पत्र्याची पट्टी:
आज जबाबदार, नोइलीन प्रॅट.
कायदा म्हणतो, आत येणाऱ्याला नाव दिसलं पाहिजे.
ग्रेमाउथचा वारा दाराबरोबर आत येतो
आणि पट्टी खडखडते,
कुणी मलाच हाक मारल्यासारखी.

नंतरची कामं कुणाच्या नजरेत भरत नाहीत.
पिंपांच्या खोलीत एकटं उतरायचं नाही,
तिथला गॅस गळला तर माणूस जरा टेकतो
आणि टेकलेलाच राहतो.
मागच्या दाराशी साचलेली खोकी ओढून काढायची.
मापाच्या ग्लासावरची रेघ उजेडात धरायची:
मापात पाप नको,
ना गिऱ्हाइकाच्या बाजूनं, ना माझ्या.

रेवी नवीन आहे. त्याला सांगते,
दाढी बघू नकोस, जन्मसाल बघ.
चौथ्या ग्लासानंतर तोंडाकडे बघू नकोस,
तोंड हसतच असतं.
सुटे पैसे मोजणारी बोटं बघ.
पाणी मागेपर्यंत थांबू नकोस, आपणहून ठेव.
आणि नाही म्हणायचं तर जवळ जाऊन, नावानं, हळू;
चारचौघांत पाणउतारा केलास
तर तो माणूस नाही, त्याची लाज भांडायला उठते.
रेवी मान हलवतो. वहीत काही लिहीत नाही.

नदीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे,
त्यालाही इथे बारच म्हणतात.
बोटी तो ओलांडून समुद्रात जातात,
ओलांडून परत येतात, बहुतेक.
त्या बारवर कुणाच्या नावाची पाटी नाही.
मागच्या मंगळवारी डेस कॅरिगनची बोट तिथून आत आली
लॉइडशिवाय.

शुक्रवारी डेस आला. ओलं जॅकेट, कोरडे डोळे.
जो तो त्याच्यासाठी एक ग्लास मागवत होता,
ज्याला त्याला वाटत होतं
आपल्याच ग्लासानं पुरेसं होईल.
मीही दोन भरले. ते लपवत नाही.
पाचव्याला मी तळहात ग्लासावर ठेवला.

डेस म्हणाला, तू ओतणारी बाई आहेस, ओत.
कोपऱ्यातून कुणीतरी शिट्टी मारली.
कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी तरी, नोइलीन.
हाताखाली काच गार होती.
बारा वर्षांपूर्वी अशाच कुणाच्या तरी "आजच्या दिवशी तरी"वर
मी एक ग्लास भरला होता.
त्याबद्दल इथे लिहीत नाही.

डेस, म्हटलं, किल्ल्या दे.
फार वेळ लागला.
मग त्यानं त्या काउंटरवर टाकल्या,
माझ्या हातात नाही.
अंड्यांच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी त्या ठेवल्या.
रेवीनं त्याला व्हॅनमधून घरी सोडलं,
दिवा लागेपर्यंत फाटकाशी थांबला.
हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

बंद करताना नोंदवही काढली.
वेळ: दहा चाळीस.
काय दिलं: पाणी, बटाट्याचे चिप्स, व्हॅन.
कारण: हा रकाना दोन बोटं रुंद आहे.
"नशेत" असं लिहिलं.
दुसरा शब्द त्यात मावत नव्हता.

सकाळी त्याची मुलगी आली, किल्ल्या घेतल्या,
बरणीचं झाकण नीट लावून गेली.
डेस त्यानंतर इकडे फिरकलेला नाही.
नदीपलीकडे कॉबडेनला बसतो म्हणे,
खिडकीकडे पाठ करून.
तिथल्या पाटीवर शुक्रवारी वँडाचं नाव असतं.
आमचं फारसं पटत नाही, तरी मी तिला फोन केला.
म्हटलं, त्याला आधी जेवायला घाल.
ती म्हणाली, घातलंय.
मग दोघींनी एकदमच फोन ठेवला,
तिच्याकडेही चार वाजले होते.