बासष्टावी कुपी

फ्रीजर उघडला की आधी वाफ अंगावर येते,
मग बोटं बधिर होतात,
मग कुठे लेबलावरचा क्रमांक दिसतो.
नाव लिहायचं नाही असा नियम आहे.
पण ब्रेस्टच्या या तळघरात सगळ्यांना ठाऊक असतं
की खालच्या कप्प्यातली डावीकडची रांग आझेनॉर केर्वेलाची,
गेराँदच्या मिठागरातल्या तांगीची मुलगी.

ती महिन्याची होती तेव्हा त्याने तिच्या कपाळाचा पापा घेतला
आणि त्याला वाटलं, हा खारटपणा आपल्याच ओठांवरचा,
दिवसभर फावडं ओढलंय ना.
तोंड धुऊन आला. पुन्हा पापा घेतला.
पुन्हा धुऊन आला.

पहिली कुपी तिच्या आठव्या वर्षीची.
तेव्हाचा सुडोमोनास म्हणजे उनाड वाटसरू,
कुठल्याशा नळातून नाहीतर डबक्यातून आलेला.
शेपटी होती, पोहायचा,
प्लेटभर हिरवा रंग सांडून ठेवायचा
आणि वास यायचा पिकल्या द्राक्षांचा.
मला तो वास आवडायचा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्रेसष्ट लाख अक्षरं, एकाच गोल दोऱ्यात ओवलेली.
वाचतं यंत्र. मी कॉफी निवेपर्यंत थांबते
आणि कुठे काय पुसलं गेलंय ते शोधते.

नवव्या कुपीत एक अक्षर गळालं होतं.
ओळीने पाच जी होते, चार उरले.
एवढ्यावर त्याने घोंगडं विणायला घेतलं,
जाड, बुळबुळीत, औषध आत जाऊ नये असं.
माझा भाऊ लानिल्दूला बोटीवर असतो, समुद्रातलं शेवाळ काढतो.
त्यातून निघणारा डिंक आइसक्रीम दाट करायला जातो.
हे घोंगडं त्याच डिंकाचं.
भावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, जेवताना नको.

विसाव्या कुपीत शेपटी नाही. जायचंय कुठे?
तिसाव्यात कान गेले,
भाऊबंदांची हाक आता ऐकूच येत नाही.
मग हिरवा रंग गेला. मग द्राक्षं.
मग मुद्रितशोधकालाच नारळ मिळाला,
आणि चुकांवर चुका, पानंच्या पानं चुका,
त्यातली एखादी अशी नेमकी
की डॉक्टरांचं सगळ्यात महागडं औषध तिच्यापुढे पाणी.

असा एकेक गोष्ट टाकत तो घरजावई झाला.
खाल्ल्या मिठाला जागणारा म्हणावं,
तर मीठ त्या मुलीचं, आणि रात्रभर जागायची तीच.

एकदा तांगी स्वतः डबी घेऊन आला होता.
नखांत राखाडी चिखल.
"त्याला हवंय तरी काय?"
मी म्हटलं, काही नाही. राहायला जागा.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
"आमच्याकडे वाफा आधी मागतात," म्हणाला, "मग उतरतात."

त्यानंतर त्या नव्या गोळ्या आल्या.
एकसष्टाव्या कुपीत जेमतेम थेंबभर.
बासष्टावी आली ती कोरडी,
भोवती रबरबँडने गुंडाळलेली चिठ्ठी:
खूप खोकले. काहीच येत नाही. माफ करा.

माफ करा!
एकोणीस वर्षांत हे एकच वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं,
यंत्राशिवाय.

तो गेलाय असं कुणी म्हणत नाही.
असेल तिथेच, डाव्या फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात,
बहिरा, बिनशेपटीचा,
बाहेरच्या डबक्यात आता चार दिवस न टिकणारा.
मला त्याचं थोडं वाईट वाटतं. हे बरोबर नाही.

मागच्या आठवड्यात तांगीचा फोन होता, भलत्याच कामासाठी.
ठेवता ठेवता म्हणाला,
परवा पोरीचा पापा घेतला. खारट लागला.
मग आठवलं, तोंड धुवायचंच राहिलं होतं.

रिकामी कुपी साठवायची नाही असाही नियम आहे.
मी ती एकसष्टाव्याशेजारी उभी केली.
दाराचं रबर हल्ली नीट बसत नाही,
गुडघ्याने रेटावं लागतं.