मूळ प्रत

शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाशी,
झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, निळ्या छत्रीखाली माझं टेबल.
पंधरा वर्षं मी लोकांचं खरं असल्याचं लिहून देते.
भाडेकरार, जन्माचा दाखला,
लग्नानंतर नाव बदललं त्याचं प्रतिज्ञापत्र.
मूळ कागद बघते, प्रत बघते, चेहरा बघते.
शिक्का. सही. पुढचे या.

आई गेल्यावर दादाने कोथरूडचा फ्लॅट रिकामा केला,
दोन दिवस, एक टेम्पो.
फोन नंतर आला.
"भांडी किलोवर दिली गं. तू तरी कुठे ठेवणार होतीस?"
मी म्हणाले, "बरं केलंस."
आणि खरंच, कुठे ठेवणार होते?

हे मला छान जमतं.
आमच्याकडे लहानपणी रडायला पुरावा लागायचा.
रक्त आलं असेल तर रडा.
नुसतं खरचटलं तर, एवढं काय त्यात,
शेजारच्या मुकुंदाकडे बघ,
पायात सळई घुसली तरी हूं की चूं नाही.
तो मुकुंदा अजून माझ्यात राहतो, भाडं न देता.
मला काही दुखलं की
पाय पुढे करून दाखवतो.

परवा बुधवारी, लंचच्या सुट्टीत,
जुन्या बाजारात गेले स्टूल बघायला.
माझं डुगडुगतं.
गंजके नळ, जोडीदार हरवलेले बूट,
आणि पोत्यावर, पान्यांच्या ढिगाशेजारी, स्टीलचा डबा:
सौ. द्वारका हिस जावळे मंडळींकडून, १९-५-७४.
नाव कोरताना मशीन घसरलं होतं.
'द्वा'चा काना तिरका गेलेला, थेट काठापर्यंत.
आई त्यावरून जन्मभर कुरकुरली,
आणि डाळ भरली जन्मभर त्यातच.

"न्या ताई," तो म्हणाला, "नाव घासून निघतं."

मी उकिडवी बसले होते. उठता येईना.
आत नेहमीचं सुरू झालं:
डबाच तर आहे.
दादाने एकट्याने आवरलं सगळं, तू होतीस का तिथे?
लोकांचं काय काय जातं.
मुकुंदाने पाय पुढे केला.

आणि मग, हाताची सवय म्हणा,
दिवसातून तीसदा विचारते तेच विचारलं:
मूळ प्रत आणलीये?

आणली होती. मांडीवरच होती.
झाकणाला पोचा. आत तूरडाळीचा वास,
किंवा मला तसा आला.
राग होता, दादाचा.
त्याच्याखाली, ओलसर पान पानाला चिकटावं तसा,
दुसरा: 'बरं केलंस' म्हणणारीचा.
आणि सगळ्यांत खाली आई, जिच्यासाठी
मी तेराव्या दिवशीही लोकांना चहाच विचारत होते.
शेवटपर्यंत वाचलं.
खाडाखोड नव्हती कुठे.

नोटरीला स्वतःच्या कागदावर शिक्का मारता येत नाही.
कायदा आहे, शहाणा कायदा आहे.
वाचायला मात्र बंदी नाही.

दीडशे म्हणाला, एकशेवीसला दिला.
घासाघीस केली, हो, पुण्यात जन्मले आहे.
स्टूल राहिलं.

रात्री दादाला फोन लावला.
"मला न विचारता भांडी दिलीस त्याचं वाईट वाटलं. रागही आला."
पलीकडे टीव्हीवर मॅच.
मग तो म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात."

इथे माझं वाक्य येतं.
'असू दे रे, मी आपलं सहज म्हटलं.'
जिभेच्या टोकापर्यंत आलंही.
मी डब्यावर बोट फिरवत राहिले,
त्या घसरलेल्या कान्यावरून काठापर्यंत,
आणि परत.
बोलले नाही.

मॅचमध्ये कोणीतरी आउट झालं, लोक ओरडले.
दादाने आवाज कमी केला.
अजून लाइनवर होता.