बंद लिफाफा

छपरावरचा सापळा ताशी दोन मिलिमीटर सरकतो.
सकाळी सातला मी त्याच्या पोटातली चिकट पट्टी काढते,
काचेवर ठेवते, गुलाबी रंगाचा थेंब सोडते
आणि कालचा वारा मोजायला बसते.

पाइनच्या कणाला निदान कानांसारखे दोन फुगे असतात.
गवताचा कण काही मिरवत नाही.
गोल, नितळ, अंगाला एकच भोक.
जूनमध्ये घनमीटरला सहाशे,
आणि अख्ख्या विलामेट खोऱ्याच्या नाकी नऊ.

डेल होस्टेटलर रायगवत पिकवतो, तीनशे एकर.
कुठल्या कुठल्या गावांची हिरवळ त्याच्या कोठारातून गेलेली.
स्वतः मात्र ट्रकच्या काचा चढवून बसतो,
डोळ्यांच्या नुसत्या फटी.
रुमाल पुरत नाहीत म्हणून आर्डिथ जुने अभ्रे फाडून ठेवते.
"बापाला होतं, आजाला होतं," पहिल्या दिवशी म्हणाला,
"आम्ही याला खंड म्हणतो. जमिनीला द्यायचा."

रोज एक गोळी जिभेखाली. मिनिटभर गिळायचं नाही.
निम्म्या गोळ्यांत गवतच,
निम्म्यांत काही नाही.
कुणाची कुठली, त्याला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच.
पोर्टलंडच्या एका कपाटातल्या लिफाफ्याला ठाऊक.

तीन उन्हाळे त्याने वही भरली:
शिंका, खाज, झोप, शून्य ते तीन.
दुसऱ्या वर्षी समासात: रात्री खिडकी उघडी.
तिसऱ्या वर्षी: आर्डिथबरोबर बांधाने नदीपर्यंत.
तारीख पाहिली. त्या दिवशीचा माझा आकडा सातशे बारा.
मी खुर्चीतून उठले, परत बसले.
आम्हाला आनंद व्हायची परवानगी नसते.

नोव्हेंबरात लिफाफा फुटला.
डेलच्या गोळीत काही नव्हतं.

फोन मीच केला.
पलीकडे बी चाळायचं यंत्र घरघरत होतं,
मग कुणीतरी ते बंद केलं.
"मग नदीपर्यंत कोण गेलं होतं?" त्याने विचारलं.

मला उत्तर आलं नाही. मी सांगितलं ते एवढंच,
की तुझी वही गाळणार नाही,
तुझ्या रकान्याशेजारी ठेवल्यावरच दुसरा रकाना दिसतो,
आणि ती माणसं तुझ्याहून थोडी जास्त झोपली.
थोडीच.

आता जानेवारी. त्याला खरी गोळी सुरू झालीय.
"जिभेखाली खाजतं," म्हणतो, जवळजवळ खुशीत,
"हे आमचंच गवत, ओळखलं मी."

मी आजची पट्टी रंगवली.
एल्डरचे दोन कण.
गवतापुढे शून्य लिहिलं, आणि सही केली.