एक घासणी बाकी

भरतीला पाच तास होते.
होडी चिखलात एका कुशीवर कलंडलेली,
गाभण मेंढी टेकावी तशी,
आणि मी तिच्या पोटात, टॉर्च दातांत धरून.
वर एलेउतेरिओ बारिया उभा, काही न विचारता.
त्याची बहीण ओर्तेन्सिया दगडावर बसून
शिंपले सोलत होती. होडी निम्मी तिची.

पाण्याचा पाइप फाटला तो बेटाच्या वळणावर.
सुई लाल झाली तरी हा चालवत राहिला,
कारण मागे दोरीला दुसऱ्याची होडी होती,
तिच्यात चौदा पोती बटाटे
आणि एक चिडलेला शाळामास्तर.

चाळीस वर्षं समुद्राचंच पाणी पिऊन
थंड राहिलेलं इंजिन;
गॅस्केट उडालं आणि तेच पाणी आत शिरलं,
अकरा दिवस तिथेच बसून राहिलं.
माणसं म्हणे खाल्ल्या मिठाला जागतात.
लोखंडाचं वेगळं:
तिथे मीठच जागं राहतं, रात्रंदिवस,
आणि खाणाऱ्याला खातं.

हेडवर पोलादी पट्टी ठेवली.
खालून उजेड आला, केसाएवढा.
मोडेन पण वाकणार नाही, हे बोलायला ठीक.
हे वाकलं होतं, म्हणून मोडलं नव्हतं.
तिसऱ्या लायनरवर नखाला अडकणाऱ्या रेघा.
क्रँक मात्र
मी दोनदा मोजला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
एकदा त्याच्या बापाच्या हयातीत घासलेला,
नंतर एकदा माझ्या उस्तादानं.
अजून एक घासणी बाकी होती. एकच.
त्यानंतर तो नांगर म्हणूनच कामाचा.

फळीवर खडूनं लिहिलं:
जुनं बांधायचं, अठरा लाख पेसो, सहा वर्षं, फार तर सात.
नवं चिनी, बेचाळीस लाख, वीस वर्षं,
शिवाय बैठकीचे ओंडके कापावे लागतील.
"आणि पंखा उलटा फिरेल," मी म्हटलं.
"मागे घेताना आता ती डावीकडे सरकते.
मग उजवीकडे सरकेल."
त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.
अचाओच्या धक्क्याला ते झोपेतही होडी लावतात.

"इंजिन किती चालेल ते कळलं,"
ओर्तेन्सिया म्हणाली, सुरी न थांबवता.
"हा किती चालेल, तेही लिही की शेजारी."

एलेउतेरिओ अडुसष्टचा.
तिचा मुलगा सामनच्या कारखान्यात रात्रपाळी करतो,
होडीचं नाव काढलं की
फोनवर वारा फार आहे म्हणतो.
खडू माझ्या हातात होता. मी काही लिहिलं नाही.
माझ्या गुडघ्यासाठी कास्त्रोच्या डॉक्टरनं
असेच दोन आकडे दिलेत,
आणि मी तीन वर्षं लंगडतोय.

"सहा पुरेत," ती म्हणाली. "अठरांत भागतंय."

तो चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेला,
बूट धुतले,
आणि परत येईपर्यंत पुन्हा बरबटवले.
"नवं टाक."
"हात उलटे शिकशील?"
"शिकेन."
"कधी?"
"वीस वर्षं आहेत ना."
ती हसली नाही.
पण सोललेले शिंपले नेहमीसारखे निम्मे केले नाहीत,
सगळे त्याच्या बादलीत ओतले.

भरतीनं आधी नाळ उचलली, मग कंबर.
खडू फळीवर तसाच राहिला, पाणी तिथवर पोचलं नाही.
पुढच्या ओहोटीला जुनं बाहेर काढलं,
चार माणसं, एक बैलजोडी, भरपूर शिव्या.
भंगारवाल्यानं किलोचा भाव सांगितला.
मी म्हटलं, क्रँक सोडून.

तो माझ्या शेडमध्ये आहे, तेल लावून, गोणपाटात.
कशाला, असं बायको विचारते.
आडवा ठेवला तर स्वतःच्याच वजनानं वाकतो,
म्हणून आढ्याला उभा टांगलाय.